फायरवॉल उशिरा का उठत होत्या

६ ऑक्टोबर, सोमवार

मी, श्रीनिवास गजानन भोईर, वाणिज्य पदवीधर, राहणार भिवंडी, धामणकर नाक्याच्या मागे. दापोड्यातील एका गोदाम कंपनीत हिशेबनीस म्हणून लागलो आणि संगणक हाताळता येतो एवढ्या गुणावर पुढे नेटवर्क विभागाचा प्रमुख झालो. आज शेठांसमोर जी फजिती झाली तिचे कारण सापडेपर्यंत रोज लिहावे, असे ठरवले आहे. हेतू एवढाच.

पडघ्याच्या गोदामातील दोन जुन्या फायरवॉल, म्हणजे जाळ्याची राखण करणारी यंत्रे, दिवाळीच्या सुट्टीत बदलायच्या आहेत. एकदम खऱ्या यंत्रांना हात लावू नये म्हणून कार्यालयातील जुन्या सर्व्हरवर एम्युलेटर चालवतो. म्हणजे पडघ्याचे सगळे जाळे, राउटर, स्विच, फायरवॉल, सगळ्यांच्या नकला त्या एका सर्व्हरच्या पोटात. तिथे तालीम करायची, मग पडघ्याला जायचे. पद्धत माझी. तिचा मला अभिमान होता.

आज शेठ, पडघ्याचे व्यवस्थापक तरे आणि विभागातील सगळे तालीम पाहायला बसले. राउटर झटपट उठले. फायरवॉल मात्र उठेनात. काळ्या पडद्यावर एक ओळ यायची आणि थांबायची. चहा आला, संपला, कपही परत गेले. तरे म्हणाले, "भोईरसाहेब, एवढ्यात आमचा ट्रक नाशिकला माल टाकून परत येतो." सगळे हसले. शेठही.

मी म्हणालो, "या नव्या फायरवॉलच्या सॉफ्टवेअरच्या प्रती नाझनीन यांनी चढवल्या आहेत. चढवण्याआधी तपासायला हव्या होत्या."

तपास न करता बोललो. तेव्हा ते खरेच वाटत होते. दसऱ्याआधी फायरवॉल नीट उठत होत्या, दसऱ्यानंतर उशीर, आणि नव्या प्रती तिने दसऱ्याच्याच आठवड्यात चढवल्या. सरळ हिशेब.

आमच्या विभागात शिकाऊ असलेल्या नाझनीनने वर पाहिले नाही. वहीत काहीतरी लिहीत राहिली.

७ ऑक्टोबर

सकाळपासून सर्व्हरपाशी. मेमरी वाढवून दिली. फरक नाही. एकेक फायरवॉल वेगळी सुरू केली, म्हणजे एकमेकींचे पाय ओढणार नाहीत. एकटीलाही तोच वेळ. डिस्क तपासली, निरोगी. प्रोसेसर मात्र सुरू केल्यापासून उठेपर्यंत पूर्ण भरलेला, जणू कोणी डोक्यावर पोते घेऊन जिना चढते आहे.

राउटर का उठतात आणि फायरवॉल का नाही? हे कोडे सुटले की सगळे सुटेल.

कालच्या हसण्याचा आवाज अजून कानात आहे. पन्नाशी उलटल्यावर माणसाला हसण्याचे एवढे लागू नये. लागते.

९ ऑक्टोबर

नाझनीनबद्दल दोन ओळी. एप्रिलच्या शेवटी आमच्याकडे आली, सहा महिन्यांच्या शिकाऊ मुदतीवर. ती या महिनाअखेर संपते. वडिलांचे यंत्रमाग होते, भंगारात गेले. आता घर हिच्या पगारावर चालते, हे तिने नव्हे, तऱ्यांनी सांगितले. शहरातलीच मुलगी, मराठी आमच्यासारखेच बोलते, घाईत हिंदीवर जाते.

आज माझ्या टेबलाशी येऊन म्हणाली, "सर, एक बोलू? बायोस एकदा बघूया का? मुझे लगता है व्हर्च्युअलायझेशन बंद पडलंय. फायरवॉललाच ते लागतं, राउटरला नाही."

मी म्हणालो, "बायोसमधल्या मूळ सेटिंग मी स्वतः लावल्या आहेत. त्यात काही बंद राहिलेले नाही."

"राहिलं नसेल, सर. पण नंतर झालं असेल तर?"

"तुम्ही आधी तुमच्या प्रती पाहा."

"ठीक आहे, सर."

माझ्या आवाजात जो कोरडेपणा होता तो लिहिताना मलाच ऐकू येतो.

जेवणानंतर शेठांचा फोन. "भोईर, त्या पोरीला कायम करायचा का न्हाय? तुमी सांगाल तसा."

मी म्हणालो, "घाई नको, शेठ. हुशार आहे, पण कामात शिस्त कमी आहे."

"तुमी बोलता त खराच असंल," म्हणाले, आणि फोन ठेवला.

पंधरा शब्दही बोललो नसेन.

११ ऑक्टोबर, शनिवार

नाझनीनने फायरवॉलच्या प्रती पुन्हा उतरवून घेतल्या, मूळ प्रतीशी जुळवून पाहिल्या, अनावश्यक भाग काढून हलक्या केल्या. दोन दिवस याच कामात. शेजारच्या मुली घरी निघाल्या तरी ही खुर्चीत. फायरवॉल उठायला तेवढाच वेळ. मी म्हणालो, "सोमवारी पाहू." ती म्हणाली, "जी, सर." डोळे लाल होते. पडद्याकडे पाहून होतात तसे, असे मी मनाशी ठरवले.

१३ ऑक्टोबर, सोमवार

सापडले.

कार्यालयात लवकर पोचलो, कोणी आलेले नव्हते. एम्युलेटरला एक साधा प्रश्न विचारायचा असतो: या प्रोसेसरची आभासी यंत्रे चालवण्याची खास सोय, म्हणजे व्हर्च्युअलायझेशन, तुला मिळते आहे का? हा प्रश्न आठवडाभर विचारला नाही, कारण उत्तर मला ठाऊक होते. आज विचारला. उत्तर आले: नाही.

ती सोय नसली की सर्व्हर खऱ्या प्रोसेसरवर फायरवॉल चालवत नाही. एक खोटा प्रोसेसर सॉफ्टवेअरमध्ये रचतो आणि त्याच्यावर चालवतो. म्हणून तो भार, म्हणून तो उशीर. राउटरच्या नकला हलक्या, त्यांना ती सोय लागतच नाही. नाझनीन जे टेबलाशी उभी राहून म्हणाली, अक्षरशः तेच.

सर्व्हर पुन्हा सुरू करून बायोसमध्ये गेलो. व्हर्च्युअलायझेशन बंद. मी लावलेली एकही गोष्ट जागेवर नव्हती. सगळे कारखान्यातून आले तसे. व्हर्च्युअलायझेशन चालू केले. फायरवॉल उठल्या. जागेवरून उठून पाणी पिऊन आलो तेवढ्यात.

मग प्रश्न, कोणी पुसले? शंका आली म्हणून सर्व्हर बंद केला, मागची वायर काढली, थोडे थांबून पुन्हा लावली. पडद्यावर कित्येक वर्षांपूर्वीची तारीख, आणि व्हर्च्युअलायझेशन पुन्हा बंद. आतली नाण्याएवढी बॅटरी मेलेली आहे. वायर जागेवर असेपर्यंत सगळे आठवते. वायर काढली की विसरतो.

आणि वायर मी काढली होती. खंडेनवमीला.

गोदामात त्या दिवशी सगळी यंत्रे धुऊन पुसून पूजेला लागतात. फोर्कलिफ्ट, वजनकाटे, बारकोडच्या बंदुका, ट्रकसुद्धा. सर्व्हर नुसता बंद करून हळदकुंकू लावले असते तर चालले असते. पण मी म्हणालो, पूजा म्हणजे पूजा, ओल्या फडक्याने पुसायचे तर वीज मुळापासून तुटली पाहिजे. वायर स्वतः काढली, गुंडाळी करून बाजूला ठेवली, फडके पिळून पत्रा पुसला, झेंडूची माळ घातली. दोन रात्री तसाच ठेवला. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी वायर लावली, सर्व्हर उठला. घड्याळ त्याने जाळ्यावरून आपोआप दुरुस्त करून घेतले, म्हणून कोणालाच काही कळले नाही.

बॅटरी नवी घातली. सगळे परत लावले. कार्यालयात लोक यायला लागले होते.

१३ ऑक्टोबर, संध्याकाळ

सकाळची नोंद खरी आहे, पण अर्धी.

नाझनीन आली. तिने नेहमीप्रमाणे फायरवॉल सुरू केल्या आणि त्या उठल्या. ती खुर्चीतून अर्धी उभी राहिली. "सर! उठल्या! आपने देखा?"

मी म्हणालो, "हो, दिसते आहे."

"म्हणजे माझ्याच प्रती जड होत्या. हलक्या केल्या तर झालं. शनिवारी बहुतेक नीट बसल्या नव्हत्या." मग आवाज उतरवून, "सॉरी, सर. माझ्यामुळे शेठसमोर तुमची फजिती झाली."

सांगायला तोंड उघडले. तेवढ्यात विभागातले दोघे मागे येऊन उभे राहिले. मी म्हणालो, "होते असे. पुढे काळजी घ्या."

पुढे काळजी घ्या. असे म्हणालो. तिच्या तोंडावर, माझ्या चुकीबद्दल. आणि तिने मान डोलावली.

१४ ऑक्टो.

काही लिहावेसे वाटत नाही. जुनी बॅटरी खिशात ठेवून घरी आणली. का, सांगता येत नाही. गटारात टाकली.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

शेठांसमोर पुन्हा तालीम. या वेळी बिनचूक. फायरवॉल उठल्या, पडघ्याचे नकली जाळे एका फायरवॉलवरून दुसरीवर गेले, तरे म्हणाले, "आज मला टोमणा मारायला जागाच ठेवली न्हाय." शेठ माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "भोईर हाय म्हनून आपला जमतंय." सगळ्यांच्या देखत.

मी हात जोडले. ते हात नंतर कितीतरी वेळ माझे वाटत नव्हते.

जाताना शेठ हलक्या आवाजात म्हणाले, "त्या पोरीचा मी बघून घेतला. भाच्याला बोलावून ठेवलाय, नाशिकला कंप्युटर शिकलाय. तुमी बोललात ना शिस्त न्हाय."

आता बोलायला हवे होते. दारात, जोडे घालताना, कोणी नव्हते. म्हणालो, "बरे."

१७ ऑक्टोबर

सौ.ला सांगितले. आज वसुबारस. ती दारात रांगोळी काढत होती, मी मागे उभा राहून सगळे बोललो. तिने रांगोळीची चिमूट सोडली नाही.

"मग तिला सांगितलंत?"

"नाही."

"शेठला?"

"नाही."

"मग मला कशाला सांगता? मी काय तिला पगार देते?"

रांगोळीची रेघ पुरी करून म्हणाली, "तुमचं नेहमीचंच आहे. दुसऱ्याची चूक असली की शिक्षा आधी आणि चौकशी मागून. स्वतःची असली की चौकशी अजून चालूच."

पंचवीस वर्षांच्या संसारात तिने माझ्याबद्दल एवढे नेमके वाक्य उच्चारले नव्हते. दुरुस्तीला जागा नाही.

१८ ऑक्टोबर, शनिवार, धनत्रयोदशी

नाझनीनला सर्व्हरच्या खोलीत बोलावले. दार उघडे ठेवले. खंडेनवमी, वायर, बॅटरी, बायोस, सोमवारची सकाळ, सगळे क्रमाने सांगितले. शेठांना फोनवर जे बोललो तेही. ते सांगताना अडखळलो नाही, कारण आधी घरी म्हणून पाहिले होते. हेही लाजिरवाणेच.

ती ऐकत होती. शेवटी म्हणाली, "म्हणजे मी त्या दिवशी बायोस म्हटलं, ते बरोबर होतं."

"हो."

"आणि सोमवारी मी सॉरी बोलले तेव्हा तुम्हाला माहीत होतं."

"हो."

मग म्हणाली, "सर, अब्बूला मी घरी सांगितलं की माझ्याकडून चूक झाली, म्हणून बहुतेक कायम नाही करणार. ते बोलले, चूक मान, शिक. रोज पूछते है, सीखा क्या?"

मी माफी मागितली. ती म्हणाली, "मला एकटीला सांगून काय फायदा, सर? त्या दिवशी तर सगळे बसले होते."

खोलीतून निघताना थांबली. "पडघ्याला मंगळवारी मीच जाते. लक्ष्मीपूजन आहे, तुम्ही घरी थांबा. बकरीदला माझी ड्युटी तुम्ही केली होती."

नाही म्हणायला हवे होते. पण तिने ते उपकार म्हणून नव्हे, देणे चुकवावे तसे म्हटले, म्हणून हो म्हणालो.

२१ ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन

दिवसभर फोन हातात. पूजेचा मुहूर्त संध्याकाळचा. सौ. म्हणाली, "लक्ष्मीकडे पाहा जरा, फोनकडे काय पाहता?"

आरती चालू असतानाच फोन आला. बाजूला गेलो. पलीकडे ट्रकचे हॉर्न, हायवेचा आवाज, आणि नाझनीन: "झालं, सर. उठल्या दोन्ही. तरेसाहेबांनी लाडू दिले, एक तुमच्या नावाचा."

तरे मागून ओरडले, "भोईरसाहेब, बाईंनी ट्रक यायच्या आत काम केलं!"

या वेळी ते हसले तेव्हा सोबत हसलो. मग आत जाऊन आरतीला उभा राहिलो आणि शब्द आठवेनात.

२२ ऑक्टोबर, पाडवा

दरवर्षी पाडव्याला शेठांकडे जातो. त्यांचे वडील याच जमिनीत भात लावायचे, आज त्याच जमिनीवर गोदामे आहेत. तरी पाडव्याला ते ओसरीवर बाजेवरच बसतात. फराळ आला. हात लावला नाही.

म्हणालो, "शेठ, त्या दिवशीची चूक माझी होती. नाझनीनची नव्हती." मग सगळे.

शेठांनी चकलीचा तुकडा तोंडात टाकला. "बॅटरी? येवढीच गोष्ट? ती कुनाची पन मरंल."

"बॅटरी कोणाचीही मरेल. पण तिचे नाव मी घेतले. आणि कळल्यावरही गप्प राहिलो."

"आरं भोईर, दिवाली हाय. कशाला जीवाला लावून घेता? त्या पोरीला दुसरी नोकरी भेटंल. भाच्याच्या आयशीला मी कबूल केलाय, आता मागं कसा फिरू?"

"तुम्ही माझ्या शब्दावर कबूल केलेत. तो शब्द खोटा होता."

त्यांनी फराळाचे ताट बाजूला सारले. आत कोणीतरी फुलबाज्या मागत होते. "तुमी लय शिस्तीचे, म्हनून मी इचारला न्हाय दुसऱ्या कुनाला," म्हणाले. रागाने नाही. ते अधिक लागले.

मी म्हणालो, "शनिवारी सगळ्यांसमोर हेच सांगेन. परवानगी मागत नाही, आधी कळवतो आहे."

"सांगा. तोंड तुमचा हाय."

सौ.ने विचारले, "काय म्हणाले?" सांगितले. म्हणाली, "चला, जेवून घ्या," आणि आज पहिल्यांदा ताटात तिने दुसरी करंजी न विचारता वाढली.

२५ ऑक्टोबर, शनिवार

सुट्टीनंतरची पहिली बैठक. तीच खोली, तीच माणसे: शेठ, तरे, विभाग. नाझनीन दाराजवळच्या खुर्चीत. एक अनोळखी तरुण शेठांच्या डाव्या हाताला, भाचा असावा. त्याच्यासमोर बोलावे लागेल, हे धरले नव्हते.

उभा राहिलो. पडघ्याचे काम चोख झाले आणि ते नाझनीनने एकटीने केले, हे आधी सांगितले. मग म्हणालो की ६ तारखेला या खोलीत मी त्यांना दोष दिला तो खोटा होता. कारण सर्व्हरची वायर पूजेसाठी मी काढली. ९ तारखेला त्यांनी मला नेमके कारण सांगितले आणि मी ऐकले नाही. १३ तारखेला मला कळले तरी त्यांची माफी मी स्वीकारली.

हे शेवटचे वाक्य लिहून नेले नव्हते. तरी बोललो.

कोणी हसले नाही. हसले असते तर बरे झाले असते. तरे खाली बघत होते. १३ तारखेला मागे येऊन उभ्या राहिलेल्या विभागातल्या त्या दोघांपैकी एक हळू आवाजात म्हणाला, "तरीच त्या दिवशी आम्ही आल्यावर थांबलात, सर." भाचा शेठांकडे पाहत होता, आपल्याला कुठे बसवले आहे हे आत्ताच कळल्यासारखा.

शेठ म्हणाले, "झाला सांगून? बरा. मंग पुढचा काय ते मी बघतो." आणि नाशिकहून येणाऱ्या मालाबद्दल बोलू लागले. बघतो, म्हणजे काय बघतो, ते त्यांनी सांगितले नाही आणि मला विचारण्याचे तोंड उरले नव्हते.

बैठकीनंतर नाझनीन सामान आवरून जिन्यापाशी भेटली. माफ केले असे काही म्हणाली नाही. मी अपेक्षाही ठेवली नव्हती. किंवा ठेवली होती. इथे तरी खरे लिहावे.

म्हणाली, "अब्बूला आज सांगते, गलती मेरी नहीं थी. खूश होतील." मग पर्स खांद्यावर सरकवून, "सर, मुदत शुक्रवारी संपते. त्यापुढच्या सोमवारी यायचं ना मी?"

ज्या गोष्टीचा अधिकार आपल्याकडे नाही तिच्याबद्दल शब्द देऊ नये, हे मी उभा जन्म पाळले. नाझनीनचा प्रश्न शेठांच्या अधिकारातला.

म्हणालो, "या."

ती जिना उतरून गेली.

श्रीनिवास गजानन भोईर
भिवंडी, दि. २५ ऑक्टोबर